वखारीच्या दारावरची लाख

हे मी आजवर माझ्या पत्नीलाही सांगितलेले नाही. निपाणीच्या कचेरीसमोर बसून हयातभर इतरांचे अर्ज लिहिले. स्वतःविषयी एक खरे वाक्य मात्र — असो, सरळ सांगतो.

चौऱ्याऐंशी साल. आपला माणूस अंतराळात जाऊन आला होता आणि माझ्या डोक्यात मंगळ शिरला होता. मंगळावर माणसे पाठवण्याची योजना मी दिल्लीला सादर करणार होतो. पण बंद यानात माणूस तग धरतो, याला पुरावा? पुराव्यावाचून अर्ज कसला? माझा मेहुणा बाळू तंबाखूच्या वखारीत हमाल होता. त्याला रिकाम्या वखारीत तीन दिवस कोंडायचे ठरले. रीतसर दोन पंच बोलावले, कडीवर लाख ओतून शिक्का मारला.

"दाजी, मंगळावर भाकरी कोण थापणार?" आत जाताना बाळूने विचारले.

"तुझी आक्का तर येत न्हाई," एक पंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पंच चहाला गेले आणि दार धडधडू लागले. "दाजी, दार काढा. डोळं जळाल्यात, दम लागतोय." वखारीतली तंबाखूची भुकटी मी झाडून घेतली नव्हती. तरी उघडले का? शिक्का मोडला तर पंचांना काय सांगू — एवढाच विचार. शेवटी बाळूने लाथांनी कोयंडा उचकटला आणि तो खोकत बाहेर पडला.

भिंतीशी टेकवलेला दाराचा लाकडी अडसर मी उचलला. रागात एक फटका बसला, असे मी स्वतःला सांगत आलो. तसे नव्हते. पहिला तोंडावर बसला. दात मातीत पडले. तो गुडघ्यांवर आला, त्याने हात जोडले — आणि मी पुन्हा मारले, डोळ्यावर. मग पायाने ढकलत आत लोटले, कोयंडा ठोकून बसवला, लाख वितळवली.

पंच परतले. "गप हाय की आता," एक म्हणाला. "रुळला वाटतं." मी मान डोलावली.

तिसऱ्या दिवशी दार उघडले. बाळूचा डावा डोळा गेला. माळ्यावरून पडला, असे मी पंचांना आणि पत्नीला सांगितले. बाळूनेही बहिणीकडे बघून "व्हय" म्हटले. आजही तो सणाला येतो, मला दाजी म्हणतो.

आणखी एक राहिले. दुसऱ्यांदा शिक्का मारताना आतून त्याचे कण्हणे ऐकू येत होते. शिक्का पहिल्यापेक्षा सुबक उमटला.