रांजणापाशी ठेवलेलं रक्त

बोरीत एकट्याच राहणाऱ्या कडूबाईंच्या पायाची जखम भरत नव्हती. डॉक्टरांना साखरेचा संशय आला. रक्त काढून बाटली परभणीच्या तपासणीघरात न्यायला त्यांनी सांगितलं. पण नामांतराच्या बंदमुळे एसट्या निघेनात. दूध नासू नये म्हणून ठेवतात तशी कडूबाईंनी बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून रांजणापाशी ठेवली. दोन दिवसांनी गाड्या सुरू झाल्या, तेव्हा ती नेऊन दिली.

"साखर न्हाई, मावशी," तपासून तिथला नागनाथ म्हणाला.

कडूबाईंचा जीव भांड्यात पडला. "बरं झालं बाबा. बंद होता, दोन दिस रांजणापाशी जपली व्हती बाटली."

नागनाथचा चेहरा उतरला. "मंग हे खरं न्हाई. पडून राहिलं की रक्तच आपली साखर खाऊन टाकतं. पुन्हा द्या."

ताज्या रक्तात साखर भरपूर निघाली.

"आता डॉक्टर रोजची सुई देतील. घरात टोचायला हाय ना कुनी?"

"हायेत की. घर भरलेलं हाय."

"मंग एकाला पाठवा, शिकवतो."

कडूबाईंनी पदर सावरला.

"मलाच शिकव," त्या म्हणाल्या. "त्यान्ला कुठली सवड."