दोन माणसांची तुकडी

गॅसवर दूध तापत होतं आणि मी साणशी शोधत होते, तेवढ्यात दार वाजलं. साडेसहा. हवालदार रोज आठला येतो.

"वहिनी, काका उठले?"

"उठले काय, तुमच्या राज्याला आग लावायला काडी शोधतायत."

एरवी हसला असता. आज सरळ कॉम्प्युटरपुढे जाऊन बसला.

हवालदार आमच्या वरच्या मजल्यावर एकटा राहतो. पूर्वी फौजेत होता, आता दुकानात टायर बदलतो. माझे सासरे, म्हणजे बाबा, मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. दोघं कॉम्प्युटरवर लढाईचा खेळ खेळतात. एकाने आपली चाल खेळून उठायचं, मग दुसऱ्याने बसायचं. भाजी निवडता निवडता बघून मलाही तो कळायला लागला. नुसते रणगाडे पुढे काढले, की झाडीत दबा धरून बसलेलं पायदळ त्यांना जवळून फोडतं. नुसतं पायदळ काढलं, तर तोफा त्याचा चेंदामेंदा करतात. म्हणून तिघांना एकत्र बांधायचं: रणगाडा पुढे, पायदळ त्याच्या कुशीला, तोफा मागे. अट एकच. बांधलेलं सैन्य त्यातल्या सगळ्यांत हळू तुकडीच्या चालीने चालतं.

हवालदाराच्या सैन्यात अशी एक हळू तुकडी होती. दहापैकी दोन माणसं उरलेली. ती पुलापलीकडे न्यायची, एवढाच त्याचा ध्यास. बाकी युद्ध गेलं उडत.

"सोड रे तिला," बाबा काल म्हणाले होते. "तुझे रणगाडे लंगडतायत तिच्यापायी. मोकळे सोडलेस तर माझं शहर तुझं."

"नाही सोडणार."

"मग मर," म्हणून बाबांनी तोफा डागल्या. सगळं सैन्य पटावरच्या एकाच घरात दाटीने उभं. प्रत्येक गोळा सगळ्यांना लागला. बाकीच्या पायदळाच्या चिंध्या उडाल्या, दोन रणगाडे जागीच पेटले. बाबा तर मांडी थोपटत होते.

आज हवालदाराने जराही वेळ लावला नाही. गाठ सोडली. उरलेले तीन रणगाडे एकेक करून बाबांच्या तोफांवर घातले, सोबतीला कुणी नाही. पहिला वाटेतच फुटला. दुसऱ्याने एक तोफ चिरडली आणि तिच्याच अंगावर जळत राहिला. तिसऱ्याला झाडीतल्या पायदळाने चहूबाजूंनी घेरून फोडलं. त्याचा धूर पडद्यावर पसरला. हवालदाराच्या स्वतःच्या तोफा गोळे संपेपर्यंत झाडीवर आग ओकत राहिल्या, माणसं चिखलासारखी उडत होती. तेवढ्यात ती दोन माणसांची तुकडी पूल ओलांडून गेली.

"अरे वेड्या," बाबा मागून म्हणाले, "सगळं सैन्य कापून घेतलंस! दोन माणसांसाठी?"

"एकासाठी, काका." त्याने माउस सोडला नव्हता. "आमच्यातला एक पोटात गोळी लागून पडला होता. आतडी हाताने धरून होता. जखमी घेतले तर पोचणार नाही, पुढे चला, असा हुकूम आला. त्याने माझा पट्टा पकडला होता. मी त्याची बोटं सोडवली. एकेक करून. अंगठा निघेना, तर पिरगाळला. मोडला तो. आवाज आला."

दूध उतू जाऊन गॅस विझला. मी न बघताच बटण बंद केलं.

"आम्ही वेळेवर पोचलो," तो म्हणाला. "पदक मिळालं."

बाबांचं लक्ष पडद्याकडे गेलं. पुलापलीकडच्या टेकडीवर त्यांची एक तोफ शाबूत होती. पुढच्या चालीत दोन माणसांची ती तुकडी तिच्या थेट माऱ्यात येत होती. हवालदारालाही ते दिसत होतं. तो उठला, खुर्ची बाबांकडे वळवली.

"काका, आजच्याच तारखेला झालं ते. तुमची चाल उद्या खेळा."