नांगर उठेपर्यंत

क्लिओफस हॅरल्सन आणि लेस्टर पावलक यांची पहिली भेट झाली तेव्हा दोघांपैकी एक जण हवेत होता, आणि दुसरा सॉसेज खात होता.

हवेत होता तो क्लिओफस. अलाबामाहून नुकताच आमच्या फर्नेसमेन या अमेरिकन फुटबॉल संघात आलेला, रंगाने काळाभोर आणि मांड्यांनी ओकच्या झाडासारखा. काम एकच. चेंडू पोटाशी कवटाळायचा, मान खाली घालायची आणि समोर उभ्या असलेल्या अकरा रेड्यांमधून वाट काढायची. त्या रविवारी त्याने वाट काढली, रेषा ओलांडली, आणि मग लक्षात आलं की या पोराला पळायला शिकवलंय, थांबायला शिकवायचं राहून गेलंय. दक्षिणेकडचा बुटका कठडा ओलांडून तो थेट पहिल्या रांगेत बसलेल्या लेस्टरच्या मांडीवर उतरला.

पुढचं लेस्टर सांगेल तसं. पहिल्या वर्षी तो सांगायचा की मी तीन रांगा मागे फेकला गेलो. दहा वर्षांनी रांगा सात झाल्या. पोरीच्या लग्नात सांगितलं तेव्हा तो स्टेडियमबाहेर, पार्किंगमध्ये, एका परक्या कुटुंबाच्या पेटत्या शेगडीवर जाऊन पडला होता आणि त्यांनी त्याला उलटवून दुसऱ्या बाजूनेही भाजला होता. खांद्याजवळचं हाड मोडलं एवढं मात्र खरं. ते वाकडं बसलं आणि शर्टातून दिसायचं.

धूळ खाली बसल्यावर क्लिओफसने आधी लेस्टरकडे पाहिलं, मग स्वतःच्या पिवळ्या-लाल झालेल्या हाताकडे.

"साहेब, हे तुमचं मस्टर्ड की माझं रक्त?"

"मस्टर्ड," लेस्टर म्हणाला. "रक्त माझं. आणि तुझा चेंडू माझ्या बरगडीखाली आहे, जाताना घेऊन जा."

पुढच्या सामन्याला लेस्टर गळ्यात हात बांधून आला. एका हाताने टाळी वाजत नाही, म्हणून त्याने आईची पितळी घंटा आणली होती. टेकडीवरच्या स्लोव्हाक वस्तीत सगळ्या भावंडांना जेवायला हाकारायची ती घंटा. तिचा आवाज नदीपलीकडच्या कुत्र्यांनाही ओळखीचा होता. त्या दिवशी क्लिओफस चार जणांच्या खाली गेला आणि ते चौघे उठले तरी हा उठेना. सगळं स्टेडियम गप्प. लेस्टरला शांतता कधीच सोसत नसे. त्याने घंटा बडवायला सुरुवात केली, आणि क्लिओफस उठला.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला. पण कॅनफोर्ड हे पोलादाचं गाव. आमचा विश्वास दोनच गोष्टींवर, भट्टी आणि फर्नेसमेन, आणि भट्टीचं तेव्हाच काही खरं राहिलं नव्हतं. पुढच्या रविवारी शंभर घंटा आल्या, त्याच्या पुढच्या रविवारी हजार. पंचक्रोशीत एकाही गायीच्या गळ्यात घंटा उरली नाही. शाळेची घंटा दोनदा चोरीला गेली, दुसऱ्यांदा तर मुख्याध्यापकांनीच नेली. नियम ठरून गेला: तो पडला की घंटा सुरू, आणि तो उठेपर्यंत थांबवायची नाही. मान खाली घालून तो माती उकरत जायचा म्हणून गावाने त्याचं नाव ठेवलं नांगर. पंधरा वर्षं तो पडला, आम्ही वाजवलं, तो उठला.

या पंधरा वर्षांत लेस्टरचंही आयुष्य झालं म्हणायचं. पोलादाचा कारखाना बंद पडला, त्याने शाळेची बस चालवायला घेतली. ज्या आठवड्यात संघाला सुट्टी होती त्या आठवड्यात त्याने मार्गीशी लग्न केलं, आणि मुलगी झाली तेव्हा तिचं नाव क्लिओ ठेवलं. पाद्री म्हणाला, "हे संताचं नाव नाही." लेस्टर म्हणाला, "फादर, तुम्ही सामन्यांना येत नाही का?" मार्गी तोंडाची फटकळ. ती विचारायची, "मी जिन्यावरून पडले तर तू डॉक्टरला बोलावशील की घंटा वाजवशील?" लेस्टर विचारात पडायचा. तिला तेच जास्त लागायचं.

रविवारी सामन्याआधी पार्किंगमध्ये शेगड्या पेटायच्या, सॉसेज आणि आंबवलेला कोबी परतला जायचा, बिअरचे डबे फुटायचे, आणि लेस्टर नक्कल करायचा. नक्कल एकाच प्रसंगाची. एकदा नांगर असा काही आपटला की घंटांनी आकाश डोक्यावर घेतलं, तेव्हा कुठे तो उठला, आणि उठून थेट समोरच्या संघाच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला. त्यांच्या गळ्यात गळा घालून, पुढची चाल काय ते ऐकायला. आपल्या पोरांनी बाही धरून त्याला परत आणला. पन्नास हजार माणसं पोट धरून हसली होती. लेस्टर तिरळे डोळे करून, हातात ताट घेऊन, डुलत डुलत परक्या शेगडीपाशी जायचा आणि विचारायचा, "काय पोरांनो, आज काय बेत?" नांगर निवृत्त झाला, त्याचे केस पिकले, तो गाड्यांच्या दुकानांच्या उद्घाटनांना यायचा बंद झाला, तरी नक्कल चालूच होती. तो दिसत नाही म्हणजे गुडघे गेले असतील, असं आम्ही म्हणायचो. त्या पायांचं आम्हाला फार कौतुक होतं.

नोव्हेंबरात नांगर गेला. वय काही फार नव्हतं.

गाव स्टेडियमच्या कुंपणापाशी लोटलं. कुणी त्याच्या नंबरचे शर्ट टांगले, कुणी फुलं, कुणी बिअरचे न फोडलेले डबे, जे संध्याकाळपर्यंत फुटलेले असायचे. कुंपणाला शेकडो घंटा बांधल्या गेल्या आणि वारा आला की त्या आपणहून किणकिणायच्या. आणि क्लबकडून लेस्टरला फोन आला. रविवारी सामन्याआधी मैदानाच्या मधोमध उभं राहून पहिली घंटा त्याने वाजवायची. मग सगळं स्टेडियम वाजवेल. त्या गवतावर लेस्टरने आयुष्यात पाय ठेवला नव्हता. फोन ठेवून तो स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसला आणि रडला. निम्मं रडू नांगरासाठी होतं, निम्मं गवतासाठी.

"सूट घाल," स्टेडियममध्ये त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसणारा सोबती ड्वेन म्हणाला. "तुझ्या त्या जुनाट जॅकेटमध्ये तू दफन करायला आलेला वाटत नाहीस, उकरायला आलेला वाटतोस."

"तुझ्या बापाच्या लग्नात असंच जॅकेट होतं."

"म्हणूनच आई पळून गेली, लेस."

दफन घरच्यांपुरतं झालं. त्याच दुपारी लेस्टरच्या दारावर थाप पडली. बेल असताना थाप कशाला, असं पुटपुटत मार्गीने दार उघडलं. बाहेर काळ्या कोटात, काळी टोपी हातात धरून, व्हर्नेल हॅरल्सन उभ्या होत्या. नांगराची बायको.

"मिस्टर लेस्टर," त्या म्हणाल्या, "मी बसत नाही. उद्या तुम्ही घंटा वाजवणार असं पेपरात आलंय."

"हो मॅडम. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा—"

"नका वाजवू."

मार्गीने खुर्ची ओढून दिली आणि त्या न बसण्याचं ठरवूनही बसल्या.

"आमच्या घराला बेल नाही," त्या म्हणाल्या. "मीच उपटून काढली. बेल वाजली की क्लिओफस खुर्चीतून उठायचा, मान खाली घालायचा आणि सुटायचा. समोर फ्रिज असो, भिंत असो. एकदा मी होते." त्यांनी टोपी मांडीवर सरळ केली. "नाताळात दुकानाबाहेर घंटा हलवत पैसे गोळा करतात ना, त्या माणसावर गेला. चर्च बदललं. फोन मुका केला."

"पण आम्ही तर तो उठावा म्हणून..." लेस्टर म्हणाला.

"तेच सांगत्येय. डोकं ताळ्यावर होतं तेव्हा मला म्हणाला होता, पडलो की काही कळायचं नाही, व्हर्न. गाव कुठलं, संघ कुठला, काही नाही. नुसती घंटा. कवटीत खिळे ठोकल्यासारखी. उठलो की थांबायची. म्हणून उठायचो."

मग लेस्टरने हळूच विचारलं, "तो समोरच्या संघात जाऊन उभा राहिला होता, त्या दिवशी..."

"तुम्ही हसलात. ऐकू येत होतं." व्हर्नेलबाई म्हणाल्या. "मी वर बसले होते, खेळाडूंच्या बायकांत. मीही हसले."

क्लबच्या कचेरीतल्या एका पोराला त्यांनी सांगून पाहिलं होतं. त्याने दोन्ही हात हातात घेऊन 'तुमच्या भावना पोचल्या' म्हटलं होतं. "माझं ऐकणार नाहीत. म्हणतील, नवरा गेलाय, बोलते काहीतरी. तुमचं ऐकतील. घंटा तुमची आहे. मला उद्या त्याचा शर्ट काचेत घालून देणार आहेत, म्हणून मी तिथे असेन. मला ती ऐकायला लावू नका, आणि त्यांना सांगा का ते."

"शब्द देतो," लेस्टर म्हणाला.

त्या गेल्यावर मार्गी म्हणाली, "सांगितलंस तर गाव तुझ्या तोंडाला काळं फासेल."

"फासू दे."

म्हणायला सोपं होतं. पण लेस्टर पावलकमधून घंटा काढली तर उरतं काय? एक निवृत्त बसचालक आणि एक वाकडं हाड. हे त्याला ठाऊक होतं, आणि मार्गीला त्याच्याही आधीपासून. तिने सूटला इस्त्री केली आणि त्या दिवसभर एकही टोमणा मारला नाही. लेस्टरला त्याचीच जास्त धास्ती वाटली.

रविवारी तो रिकाम्या हाताने गेला. क्लबच्या मुलीला वाटलं म्हातारा विसरला, तिने लगबगीने एक नवी चकचकीत घंटा त्याच्या हातात कोंबली, दुसऱ्या हातात माइक दिला, आणि म्हणाली, "आजोबा, टीव्हीवर जाहिरात संपायच्या आत आटपा हं." तो गवतावर निघाला. गवत त्याला वाटलं होतं त्यापेक्षा टणक होतं. यावर पडत होता तो, असं त्याच्या मनात आलं. कडेला व्हर्नेलबाई काचेतला शर्ट छातीशी धरून उभ्या होत्या, शाळेत शिक्षा झालेल्या मुलीसारख्या.

"मी लेस्टर पावलक," तो म्हणाला, आणि त्याचाच आवाज चारी बाजूंनी उलटून त्याच्या अंगावर आला. स्टेडियम गरजलं.

"ही घंटा—"

घंटा म्हणताच पुन्हा गरजलं. पुढचा शब्द कुणाला ऐकू गेला नाही. त्याने पुन्हा तोंड उघडलं. वाक्य घरून पाठ करून आणलं होतं, सरळ होतं, पोराला समजेल असं होतं: आम्ही त्याला उठवत नव्हतो, आम्ही त्याला छळत होतो. पण पन्नास हजार चेहरे त्याच्याकडे प्रेमाने पाहत होते, आणि व्हर्नेलबाई पाहत होत्या, आणि पाठ केलेलं वाक्य तोंडात आलंच नाही. लेस्टर तिथेच गवतावर मटकन खाली बसला. माइक हातातून घरंगळला.

सगळं स्टेडियम गप्प झालं.

मग दक्षिणेकडून, त्याच्याच रांगेतून, ड्वेनने घंटा वाजवली. बिचाऱ्याचे गाल भिजले होते. म्हातारा मित्र पडलाय, आणि आमच्या गावात पडलेल्या माणसासाठी काय करतात ते त्याला ठाऊक होतं. त्याच्या शेजारच्याने वाजवली, मागच्या रांगेने वाजवली, आणि मग ती लाट चौफेर फिरली. लेस्टरने दोन्ही हात हलवून नको, नको म्हटलं. लांबून ते 'आणखी, आणखी' असंच दिसलं. आवाज वाढला. खाली बसलेल्या माणसाला तो वरून येत नव्हता, कानांतूनही येत नव्हता. दातांतून येत होता, त्या वाकड्या हाडातून येत होता. माइक कुठे आहे ते त्याला दिसेना. व्हर्नेलबाई कुठल्या बाजूला होत्या ते आठवेना. एवढंच कळत होतं की आपण उठल्याशिवाय हे थांबणार नाही.

तो उठला.

थांबलं. आणि मग असा काही जयघोष झाला की नदीपलीकडची कुत्री भुंकली असं दुसऱ्या दिवशी पेपरात आलं. क्लबच्या पोराने माइक उचलून खिशात घातला, लेस्टरच्या दंडाला धरून त्याला कडेला आणलं, पंचाने शिट्टी फुंकली. व्हर्नेलबाई उभ्या होत्या तिथे कुणी नव्हतं. काचेतला शर्ट गवतावर ठेवलेला होता.

सामन्यानंतर पार्किंगमध्ये लेस्टरने शेगड्यांभोवती जमलेल्यांना सगळं सांगितलं. सॉसेजं करपली. ड्वेन लहान मुलासारखा रडला आणि त्याने स्वतःची घंटा कचऱ्याच्या पिंपात टाकली. कुणीतरी म्हणालं, "बाई दुःखात आहे, लेस. तुलाही आज फार ताण पडला." दुसरा म्हणाला, "तो उठायचा की नाही? उठायचा ना!" घरी निघण्याआधी ड्वेनने घंटा पिंपातून परत काढली.

व्हर्नेलबाई अलाबामाला बहिणीकडे राहायला गेल्या होत्या; लेस्टरने तिथे दोनदा फोन केला, त्या फोनवर आल्या नाहीत. वसंतात त्याने पहिल्या रांगेतली जागा क्लबला परत केली. ती दुसऱ्याच दिवशी एका दातांच्या डॉक्टरने घेतली.