ताईच्या हातातलं पुस्तक

शाळेत नव्या पुस्तकांचे गठ्ठे सुटले की तो कोरा वास मला आसगावच्या आमच्या ओसरीवर नेतो.

मोठी ताई दोनदा नापास होऊन माझ्याच वर्गात आली होती. मी धडा एकदा मोठ्याने वाचला की तिला पाठ व्हायचा. मी विसरलो की शाळेच्या वाटेवर तीच मला सांगायची.

एकदा ओसरीवर ताईच्या हातात नवं पुस्तक देऊन बाबा म्हणाले, "वाच माय, आयकू दे."

ती घडाघडा वाचू लागली. मध्येच कोंबडी हाकायला तिने मान वळवली, तेवढ्यात मी गमतीने पान उलटलं. ती तोच धडा पुढे म्हणत राहिली.

"बाबा, ह्या पानावर तं हा धडाच नाही!" मी ओरडलो.

"मंग इतके दिवस आमाले फसवून राहिली काय?"

"आयकलं का राह्यते बाबा," ताई रडत म्हणाली, "पायलं का निंगून जाते."

आम्ही हसलो. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेऐवजी धानाच्या रोवण्याला जाऊ लागली.

शिक्षक झाल्यावर प्रशिक्षणात वाचन-अक्षमता असलेल्या मुलांची लक्षणं शिकलो, तेव्हा कळलं की ताईने सगळं तेव्हाच सांगितलं होतं. घरातला पहिला पदवीधर म्हणून ती माझं कौतुक अजून गावभर सांगते. पान मी उलटलं होतं, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.