रहिमानं विचारलेली जागा

काल लातूरला नातीच्या कोचिंग क्लासनं पालकांना वर्ग बघायला बोलावलं होतं. ताज्या रंगाचा वास आला आणि मला भूकंपानंतरची, अशीच नुकती रंगवलेली पत्र्याची शाळा आठवली. मी तिथं शिकवायचे. पालकांना असंच बोलावलं होतं, पण छपराखाली यायला कुणी धजेना. सगळे उन्हातच उभे.

बांगड्या विकणारी रहिमा तेवढी पुढं आली. तिची शबाना ढिगाऱ्याखाली गेली होती.

"बाई, माझी पोरगी कुठं बसली असती?"

मी खिडकीजवळची जागा दाखवली. ती तिथं मांडी घालून बसली, फळ्याकडं बघत राहिली. मग बाहेरच्यांना म्हणाली, "या की आत. वर पत्रा हाय, दगड न्हाई."

काल नात म्हणाली, "आजी, ही माझी जागा. बस ना."

मला बसवेना.