पेट्रोलने वाळवलेलं मैदान

व्हर्लिन स्टकीला गावात कुणी नावाने हाक मारत नसे. न्हाव्यापासून पाद्र्यापर्यंत सगळ्यांचा तो 'कोच'. आयोवातल्या एका आडबाजूच्या कॉलेजात त्याने अठ्ठावीस वर्षं बेसबॉल शिकवला. नुसता शिकवला नाही. गवत कापलं, बस चालवली, सामन्याआधी चुन्याच्या रेघा स्वतः मारल्या. एवढं करून त्याचा संघ विभागीय स्पर्धेत पोचला एकदाच, आणि तिथेही पहिल्याच दिवशी आपटला. पण माणूस चिवट. "पुढच्या वर्षी बघा," हे त्याचं पालुपद.

बॅट हातात घेणाऱ्या प्रत्येक पोराला तो एकच गोष्ट सांगायचा. "अरे, घाई कसली झालीय तुला? चेंडू तुझ्याकडेच येणार आहे. थांब जरा!" ही 'थांब'ची आरोळी रस्त्यापलीकडच्या पेट्रोल पंपापर्यंत ऐकू जायची.

यंदा मात्र पुढचं वर्ष नव्हतं. कॉलेजच्या अध्यक्षांनी जानेवारीतच बजावलं होतं: या मोसमात स्पर्धेत पोचलात तर ठीक, नाहीतर बेसबॉल बंद आणि मैदानावर वसतिगृह. व्हर्लिन एकसष्ट वर्षांचा होता आणि त्याला दुसरं काहीही येत नव्हतं. त्या रात्रीपासून त्याची झोप उडाली ती उडालीच.

पोरं मात्र जिवावर उदार होऊन खेळली. सगळं येऊन ठेपलं मे महिन्यातल्या एका रविवारावर. दुपारी दोनचा सामना, घरच्या मैदानावर. जिंकलं तर स्पर्धेत जागा. मोसमाचा तो शेवटचा दिवस, त्यामुळे पावसाने सामना बुडाला तर बुडालाच.

आणि पाऊस शुक्रवारपासून लागून राहिलेला. शनिवारचा परगावचा सामना चिखलातच उरकला. रविवारी दहाला पाऊस थांबला तेव्हा मैदानाच्या मधल्या मातीची पार लापशी झाली होती. व्हर्लिनने बादल्यांनी पाणी उपसलं, भुसा टाकला, दाताळं फिरवलं. बारा वाजले तरी बूट घोट्यापर्यंत रुतत होते. एक वाजता पंच एमिट येऊन निर्णय देणार होता.

तेव्हा त्याला आपला जुना कोच आठवला. ओल्या मातीवर पेट्रोल ओतून काडी लावायचा तो म्हातारा. व्हर्लिन शेडमधून गवतकापणीच्या यंत्राच्या पेट्रोलचे दोन डबे घेऊन आला.

"कोच, नका ना," फलंदाजामागे चेंडू झेलणारा कॅचर ग्रेडी म्हणाला. शेवटच्या वर्षाचा, शेतकऱ्याघरचा पोरगा. "वारा फिरलाय बघा. पश्चिमेचा आहे. दोन-अडीच तासांत आपोआप वाळेल."

"एमिट एकला येतोय. मधला वेळ तुझ्या खिशातून काढू का? हो बाजूला!"

कमरेइतक्या ज्वाळा उठल्या, काळा धूर झाडांवर गेला. आग विझली तेव्हा वरची माती वाळून पापडासारखी कडक झाली होती. पोरांनी टाळ्या वाजवल्या. व्हर्लिन तिच्यावर पाय आपटून हसला. जानेवारीनंतर पहिल्यांदाच.

एमिट आला तो नाकाला रुमाल लावूनच. त्याने बुटाच्या टोकाने तो पापड फोडला. खाली चिखल तसाच होता, वर पेट्रोलने माखलेला.

"व्हर्लिन, काय करून बसलास हे?"

"वाळवलं. तरुणपणी आपण दोघांनीच नाही का असं..."

"तरुणपणी आपण गाढव होतो! या मातीत पोरांनी घसरत जायचं? सोलून निघालेल्या कातडीत पेट्रोल? नाही जमायचं. सामना रद्द."

व्हर्लिनने त्याची बाही घट्ट धरली. त्याला त्यात लाजही वाटली नाही. "मला थोडा वेळ दे रे. फावड्याने सगळी माती काढतो. पाया पडतो तुझ्या."

"वेळ?" एमिटचा आवाज उतरला. "अरे बाबा, येताना वारा बघितला आणि मनाशी ठरवूनच आलो होतो. म्हटलं, तीनपर्यंत थांबू."

पाहुण्यांची बस दीडला परत गेली. ग्रेडी बाकावर तोंड फिरवून बसला, बाकीची पोरं एकेक करून निघून गेली. ऊन पडलं. अडीच वाजता बाहेरचं गवत सळसळत होतं आणि आग न लागलेल्या कडेच्या मातीतून बारीक धूळ उडत होती. व्हर्लिन फावडं टेकून तिच्याकडे बघत उभा होता. त्याला ओरडावंसं वाटत होतं, पण कुणावर?

तेवढ्यात लोर्ना, त्याची बायको, फाटकातून धापा टाकत आली. शनिवारच्या चिखलातले सगळे गणवेश धुवायला तिने घरी नेले होते. घड्यांचा ढीग हनुवटीपर्यंत आलेला, त्यामुळे तिला समोरचं धड दिसत नव्हतं.

"रागावू नकोस, उशीर झाला. सकाळी म्हटलं, कसले वाळतायत हे! पण वारा काय सुटलाय, व्हर्लिन! दोरीवर टाकले आणि दोन तासांत खडखडीत." तिने ढीग त्याच्या हातात दिला आणि मैदानाकडे वळली. "हे काय, अजून रेघा नाही मारल्यास?"