सगळ्या मालाची एकच तारीख

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, घरी जेवायला बसतानासुद्धा गळ्यातलं ओळखपत्र काढत नाहीत. आमटीत बुडू नये म्हणून ते शर्टाच्या खिशात खोचतात, पण काढत नाहीत. त्यावर लिहिलंय, ‘प्रमुख, ईआरपी प्रकल्प’. जेवायला आम्ही घरचीच चार माणसं असतो आणि ते कोण आहेत हे चौघांनाही माहीत असतं.

माणूस वाईट नाही, असं त्यांच्याबद्दल लोक म्हणतात. बरोबर आहे. वाईट व्हायलाही थोडी अक्कल लागते.

आमचा कारखाना पंपांना लागणारे रबरी सील बनवतो. भाऊजी तिथे टायपिस्ट म्हणून लागले आणि मान डोलवत डोलवत वर चढले. मालक सकाळी छत्री घेऊन आले, की हे दुपारपर्यंत आभाळात ढग शोधायचे. लॅबमध्ये मला त्यांनीच चिकटवलं. ते स्वतःच वर्षातून चारदा ऐकवतात, म्हणून मीही सांगून टाकतो.

मालकांनी कुठल्याशा प्रदर्शनात ईआरपी पाहिलं आणि त्यांच्या डोक्यात ते बसलं. खरेदी, गोदाम, उत्पादन, रवानगी, सगळा कारखाना एकाच संगणकात दिसणार. प्रमुख कोण होणार? मालकांचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत भाऊजी उभे राहिले. पाच दिवसांचं प्रशिक्षण घेऊन, एक बॅग, एक पाण्याची बाटली आणि एक प्रमाणपत्र घेऊन परत आले. पाच दिवसांत माणूस धड पोहायला शिकत नाही. हे आख्खा कारखाना बुडवायला शिकून आले.

त्यानंतर त्यांची भाषाच बदलली. ताईनं चहा उशिरा दिला तर म्हणायचे, “तुझ्या प्रोसेसमध्ये गॅप आहे.” ताई बिचारी गाळणं तपासायची.

आता तात्यांबद्दल सांगायला हवं. तात्या आमचे गोदामवाले. एकतीस वर्षं एकाच गोदामात, निवृत्तीला आठ महिने उरलेले. कच्चं रबर पडून राहिलं की कडक होतं, मग त्याचे सील तडकतात. म्हणून तात्यांनी प्रत्येक खणावर पत्र्याची पाटी टांगली होती आणि तिच्यावर खडूनं माल आल्याचा महिना लिहिलेला असायचा. जुना माल आधी काढायचा. वर्ष उलटलेला माल लॅबमध्ये माझ्याकडे पाठवल्याशिवाय पुढे जाऊ द्यायचा नाही. वर स्वतः तुकडा दुमडून बघायचे, नखानं दाबायचे. इतक्या वर्षांत आमच्याकडून तडकलेला सील गेला नव्हता.

ईआरपी बसवणाऱ्या कंपनीचे दोन सल्लागार टापटीप कपड्यांत आले. त्यांनी तात्यांना विचारलं, “माल चांगला आहे हे कसं ठरवता?”

“हात लावला की कळतं.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. भाऊजी मागे उभं राहून असे हसले, जणू तात्या त्यांचे कोणी लागतच नाहीत. भाऊजी नोकरीला लागले तेव्हा गोदामातला रस्ता त्यांना तात्यांनीच दाखवला होता.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलंय. जुना सगळा साठा संगणकात चढवायचा होता. आठशेवर लॉट. एका मोठ्या तक्त्यात प्रत्येक लॉटपुढे ‘माल आल्याची तारीख’ असा रकाना. पाट्या वाचून तारखा भरायला पंधरा दिवस लागले असते, आणि भाऊजींनी तर मालकांना एक तारखेचा शब्द देऊन ठेवला होता. लॅबचे कोड सांगायला मी शेजारी बसलो होतो. भाऊजींनी पहिल्या ओळीत त्याच दिवसाची तारीख टाकली आणि माऊसनं ती थेट खालपर्यंत ओढली. दोन वर्षं पडलेलं रबर आणि काल आलेलं रबर, सगळं एका दिवसाचं झालं.

“भाऊजी, जुना माल कळणार कसा?”

“अरे, रबर काय दूध आहे नासायला? आधी चालू तर होऊ दे. दुरुस्त्या नंतर.”

नंतर कसल्या दुरुस्त्या! उद्घाटनाला मालक येणार म्हणून पाट्या ‘जुनाट’ दिसतात, असं ठरलं आणि सगळ्या उतरवून पुसून टाकल्या. जागोजागी बारकोडची चिठ्ठी लागली. लॉटना नवे नंबर मिळाले, त्यामुळे माल आल्याच्या जुन्या पावत्यांशी ताळा घालायचीही सोय उरली नाही. वर नियम आला, की संगणक सांगेल तोच लॉट द्यायचा. तात्या तीनदा भाऊजींच्या टेबलाशी गेले. “साहेब, मशीनला सगळा माल ताजा वाटतोय. लॅबकडे एकही तुकडा जात नाही.” भाऊजींनी तिन्ही वेळा त्यांना तिकीट टाकायला सांगितलं. तिकीट म्हणजे संगणकावरची तक्रार. ती भाऊजींकडेच यायची आणि तेच ती बंद करायचे.

चार महिन्यांनी आमच्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाईकानं आख्खा माल परत पाठवला. सील तडकलेले. मी एक हातात घेऊन वाकवला, तर बिस्किटासारखा तुटला.

चौकशी मालकांच्या खोलीत झाली. भाऊजींनी भिंतीवर पडदा लावला. पडद्यावर माल आल्याची तारीख चार महिन्यांपूर्वीची, आणि गोदामातून माल देणाऱ्याच्या पुढे तात्यांचं नाव. भाऊजी म्हणाले, “सिस्टीम खोटं बोलत नाही. सिस्टीममध्ये माल ताजा आहे आणि हातात जुना आलाय. म्हणजे गोदामात कोणीतरी अदलाबदल केलीय.”

एकतीस वर्षांच्या माणसाला यांनी चोर ठरवलं, आणि तेही पडद्याकडे काठी दाखवत. त्यांना ती तारीख ओढल्याचं आठवत नव्हतं, असं नाही. मला वाटतं, ओढून झाल्यावर त्यांचा स्वतःचाच तिच्यावर विश्वास बसला होता. असल्या माणसांचं हेच असतं. खोटं बोलायला लाज वाटावी इतकाही त्यांना खऱ्याचा पत्ता नसतो.

तात्या म्हणाले, “माझ्या पाट्या असत्या तर दाखवलं असतं.” एवढंच.

मालक माझ्याकडे वळले. “तुम्ही लॅबचे. माल संगणकात चढवताना तुम्ही तिथे होता म्हणे. तारखा बरोबर होत्या ना?”

आदल्या संध्याकाळी ताईचा फोन आला होता. पोरीचं लग्न ठरतंय, कारखानाभर बातमी झालीय, या वेळी घरात काही वेडंवाकडं झालं तर मी कोणाच्या तोंडाकडे बघू, असं म्हणून ती रडली होती. ही सबब आहे, मला ठाऊक आहे. पण मालक उत्तराची वाट बघत होते, भाऊजी ओळखपत्राच्या पट्टीशी चाळा करत होते आणि तात्या शांतपणे माझ्याकडे बघत होते. मी काय सांगणार याची त्यांना खात्री असावी.

“रेकॉर्डप्रमाणे बरोबर आहेत,” मी म्हणालो.

तात्यांना त्याच आठवड्यात काढलं. निवृत्तीचा निरोप नाही, हार नाही, दोन शब्द नाहीत. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी जवळ उभं राहून पाहिली आणि दोरही धरला. भाऊजींना मालकांनी पुढे आपल्या दुसऱ्या कारखान्यातही ईआरपी बसवायला पाठवलं. ते गेले तिकडे. मी त्यांच्यावर कितीही तोंडसुख घेतलं, तरी त्या खोलीत सत्य माहीत असलेला आणि बोलू शकणारा माणूस मीच होतो.

जायच्या दिवशी तात्या किल्ल्या द्यायला लॅबच्या दारावरून गेले. मी टेबलावरच्या नळ्या उगाच पुसत होतो. वाटलं, शिवी देतील. द्यायला हवी होती. ते थांबले, आत डोकावले आणि म्हणाले, “ताई बरी आहे ना तुझी?”

मी म्हणालो, “बरी आहे.”

“हं. पोरीचं लग्न नीट पार पडू दे,” असं म्हणून ते फाटकाकडे चालू लागले.